सोनोग्राफीच्या दारावरची पाटी
रोहण्याहून आर्वीला सोनोग्राफीसाठी गेलेल्या गरोदर बाईला केंद्रात एक पाटी दिसते: इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. ही पाटी वैद्यकशास्त्राने लावलेली नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजल तपासून डॉक्टर उघडपणे लिंग सांगत; त्यात गैर काय, असंच अनेकांना वाटे. स्त्रीसंघटनांनी आवाज उठवला, तेव्हा १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा केला. केंद्र सरकारचा कायदा आला १९९४ मध्ये. तोही कागदावरच राहिला, म्हणून ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यानंतर २००३ मध्ये हा कायदा अधिक कडक झाला. एक गोष्ट मात्र सलते: याच कायद्याच्या धाकाने काही डॉक्टर १९७१ च्या गर्भपात कायद्यात बसणारा गर्भपातही नाकारतात.