झाड मोठं, थिएटर छोटं!

एकांकिकेच्या तालमीत दोन डायलॉग हमखास ऐकू येतात. पहिला : "शेवट फार डार्क होतोय यार, थोडा गोड करूया ना!" दुसरा : "सेट जरा भारी हवा, नाहीतर इम्प्रेशन नाही पडणार." तुमच्या ग्रुपमध्येही यावरून वाजलं असेल, तर ही गोष्ट तुमच्यासाठी आहे. ती घडली न्यूयॉर्कमध्ये. नाटक इंग्रजी आणि त्याचा खलनायक म्हणजे कुंडीतलं एक झाड. ते माणसं खातं. वर गातंसुद्धा!

नाटकाचं नाव 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स'. हॉरर, कॉमेडी आणि रॉक संगीत यांची ही भन्नाट मिसळ. सीमोर हा फुलांच्या डबघाईला आलेल्या दुकानातला गरीब नोकर. सूर्यग्रहणाच्या वेळी त्याला एक विचित्र रोपटं मिळतं. खत घाला, पाणी घाला, ते काही तग धरत नाही. एक दिवस सीमोरच्या बोटाला काटा टोचतो, रक्ताचा थेंब पडतो आणि रोपटं तरारतं! बकासुराला निदान गाडाभर भात तरी चालायचा, याला भात नकोच. बदल्यात ते सीमोरला पैसा, प्रसिद्धी आणि त्याची आवडती ऑड्री मिळवून देतं. फक्त भूक वाढत जाते. शेवटी ऑड्री जाते, सीमोरही जातो आणि झाडाची कलमं देशभर विकायला निघतात. म्हणजे व्हिलन जिंकतो. थेट!

मूळ गोष्ट रॉजर कॉर्मनच्या १९६०च्या सिनेमाची. दुसऱ्या सिनेमासाठी उभा केलेला सेट पाडण्याआधी तो वापरून घ्यायचा, म्हणून दोन दिवस आणि एका रात्रीत मुख्य शूटिंग उरकलं होतं म्हणे. दातांच्या डॉक्टरकडे मजेत दुखणं करून घेणाऱ्या पेशंटच्या छोट्याशा रोलमध्ये तेव्हाचा अनोळखी जॅक निकल्सन होता. सिनेमा विसरला गेला असता. पण हॉवर्ड ॲशमन नावाच्या तरुणाच्या डोक्यात तो राहिला.

ॲशमन तेव्हा डब्ल्यूपीए थिएटर नावाचं छोटं नाट्यगृह चालवत होता. तिथे जेमतेम शंभर खुर्च्या. त्याने संहिता आणि गाणी लिहिली, दिग्दर्शनही केलं. संगीत ॲलन मेंकनचं : साठच्या दशकातला रॉक अँड रोल. कोरस म्हणून रस्त्यावरच्या तीन मुली. क्रिस्टल, रोनेट आणि शिफॉन ही त्यांची नावं त्या काळातल्या मुलींच्या बँडवरूनच घेतली. मे १९८२मध्ये पहिला प्रयोग झाला.

आता खरा प्रश्न. एवढ्याशा स्टेजवर वाढणारं झाड दाखवायचं कसं? व्हिडिओ नाही, ग्राफिक्स नाही. उत्तर होतं, बाहुल्या! मार्टिन रॉबिन्सन या बाहुलीकाराने एकाच झाडाच्या चढत्या आकाराच्या चार बाहुल्या बनवल्या. आपण ज्याची 'गली गली सिम सिम' ही भारतीय आवृत्ती पाहिली, त्या 'सेसमी स्ट्रीट'मधला हा कलाकार. दुसऱ्या बाहुलीची युक्ती तर ऐकाच. सीमोर कुंडी दोन्ही हातांनी धरून बसलेला दिसतो. पण त्यातला एक हात खोटा असतो. खरा हात झाडाच्या आत जाऊन त्याचं तोंड हलवत असतो. शेवटचं झाड इतकं मोठं, की अख्खा माणूस त्याच्या आत बसतो. त्याने जबडा हलवायचा आणि पडद्याआडून दुसऱ्याने बोलायचं, गायचं. दोघांचं टायमिंग चुकलं की झाड मेलंच समजा. एवढा सगळा डोलारा नऊ जण पेलत होते.

नाटक तुफान चाललं. जुलै १९८२मध्ये ते ऑर्फियम या साधारण साडेतीनशे खुर्च्यांच्या थिएटरात गेलं. इथे एक गोष्ट समजून घ्या. ब्रॉडवे की ऑफ-ब्रॉडवे, हे मुख्यतः खुर्च्यांवरून ठरतं. पाचशे किंवा त्याहून जास्त असतील तर ब्रॉडवे, त्याखाली ऑफ-ब्रॉडवे. मोठ्या थिएटरात जायची संधी होती, पण ॲशमनला ते नको होतं. हे नाटक छोट्या जागेतच शोभतं, असं त्याचं म्हणणं. ब्रॉडवेला गेलं नाही म्हणून टोनी पुरस्कारांच्या शर्यतीतही उतरता आलं नाही. आपल्याकडे कोणी स्पर्धेतून स्वतःहून नाव मागे घेईल का, विचार करा!

पण छोट्या जागेने त्याला एक जबरदस्त गोष्ट दिली. प्रयोग संपताना छतातून प्रेक्षकांच्या अंगावर वेली सुटायच्या. झाड आता तुमच्यापर्यंत पोचलंय! हा हट्ट वाया गेला नाही. १९८७मध्ये नाटक थांबलं तेव्हा २,२०९ प्रयोग झाले होते.

मग १९८६चा सिनेमा आला. दिग्दर्शक फ्रँक ऑझने नाटकाचाच शेवट ठेवला होता. झाडं शहर उद्ध्वस्त करतात, असा प्रचंड खर्चिक सीन शूटही झाला. पण चाचणी शोमध्ये प्रेक्षक चिडले. शेवट बदलला, सीमोर आणि ऑड्री वाचले. ऑझने नंतर याचं कारण फार नेमकं सांगितलं : नाटकात मेलेले नट शेवटी नमस्कार करायला स्टेजवर परत येतात, सिनेमात ते येत नाहीत. म्हणजे तोच शेवट एका माध्यमात टाळ्या घेतो आणि दुसऱ्यात शिव्या. आपल्या एकांकिकेचा डार्क शेवट 'चालेल का' यावर भांडताना हा मुद्दा आपण किती वेळा लक्षात घेतो?

२००३मध्ये नाटक अखेर ब्रॉडवेवर गेलं. थिएटर बाराशे खुर्च्यांच्या आसपास, झाडाची भव्य बाहुली पुढच्या रांगांवर झेपावणारी. प्रयोग झाले ३७२. वाईट नाही, पण ऑर्फियमच्या एक पंचमांशसुद्धा नाही. २०१९मध्ये दिग्दर्शक मायकेल मेयर ते पुन्हा ऑफ-ब्रॉडवेला घेऊन आला, २७० खुर्च्यांच्या वेस्टसाइड थिएटरात. सीमोर झाला जोनाथन ग्रॉफ. कोरोनाने ते बंद पाडलं, २०२१मध्ये पुन्हा सुरू झालं आणि नट बदलत पुढे चालत राहिलं.

ॲशमनला यातलं फारसं बघायला मिळालं नाही. 'लिटल शॉप'नंतर डिस्नेने त्याला आणि मेंकनला बोलावलं. 'द लिटल मर्मेड' आणि 'ब्यूटी अँड द बीस्ट'ची गाणी या जोडीची. त्यातलं 'ब्यूटी अँड द बीस्ट' २०१५मध्ये मुंबईतही रंगमंचावर झालं. पण तो सिनेमा पूर्ण होण्याआधीच, मार्च १९९१मध्ये, एड्सने ॲशमन गेला. वय अवघं ४०.

म्हणून 'छोटं तेच चांगलं' असा नियम काढू नका. मोठा सेटही कमाल करू शकतो. पण ॲशमनने आधी ठरवलं, की प्रेक्षकाला शेवटी काय वाटायला हवं. जागा, बाहुल्या, वेली हे सगळं त्यातून आलं. आपण बऱ्याचदा उलटं करतो. आधी बजेट आणि परीक्षक, मग गोष्ट.

१९८६च्या सिनेमाचा मूळ शेवट २०१२मध्ये ब्लू-रेवर आला. दोन्ही शेवट मिळवा, ग्रुपसोबत एका बैठकीत पाहा आणि मत घ्या. भांडण होईलच. होऊ द्या; तालमीत त्याचा उपयोग होतो.