नाला मे महिन्यात नव्हे, दिवाळीत पाहावा

मे महिना उजाडला की मिरा-भाईंदरच्या नाल्यांवर पोकलेन उतरतात. काळा गाळ उपसून काठावर टाकला जातो, तो वाळला की डंपरमध्ये भरला जातो आणि सफाई किती टक्के झाली याचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. जो गाळ उचलायचा राहतो तो पहिल्या जोराच्या सरीत घसरून परत नाल्यात जातो. हे चक्र इतके सवयीचे झाले आहे की नालेसफाई म्हणजे पावसाळ्यापूर्वीचे काम, असेच सगळे धरून चालतात. माझे म्हणणे असे आहे की पाणी तुंबण्याचे मूळ या समजुतीतच आहे. समुद्राकाठच्या सपाट शहरात पावसाच्या पाण्याची व्यवस्था बारा महिने राखावी लागते. तिची सुरुवात पावसाळा नुकताच संपलेला असताना, दिवाळीच्या सुमारास, आणि तीही नाल्याच्या शेवटच्या टोकापासून व्हायला हवी.

शहराची जागा पाहिली तर याचे कारण कळते. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तन-पालीचा किनारा, आणि मधला सखल पट्टा मिठागरांचा, खाजणाचा, भातखाचरांचा. डोंगरावरचे पाणी काशिमिऱ्याच्या बाजूने महामार्ग ओलांडून खाली येते आणि सपाटीवर पसरते. पूर्वी ते खाजणात जिरत-मुरत, ओहोळांनी खाडीला मिळत असे. १९८५ मध्ये इथे नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख असलेली वस्ती २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास गेली आणि २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. वीस वर्षांत पाणी पसरायच्या जागा भरावाखाली गेल्या. एक हेक्टर काँक्रीटवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाच लाख लिटर पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. हे पाणी आता जवळजवळ सगळेच्या सगळे गटारात उतरते, तेही काही मिनिटांत.

त्यात भरतीची भर. खाडीला दिवसातून दोनदा भरती येते आणि आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे चढते. पावसाळ्यातल्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर जाते. त्या काही तासांत नाल्याचे तोंड खाडीच्या पाण्याखाली असते आणि शहराचे पाणी बाहेर पडू शकत नाही. मग सगळी भिस्त ओहोटीच्या वेळेवर. ओहोटीच्या तासांत नाला पूर्ण ताकदीने वाहिला तरच साचलेले पाणी पुढच्या भरतीआधी निघून जाते. इथे गाळाचा हिशेब ध्यानात घ्यायला हवा. दोन मीटर रुंद आणि एक मीटर खोल नाला निम्मा गाळाने भरला तर त्याची वाहण्याची क्षमता निम्मी राहत नाही, चाळीस टक्क्यांच्याही खाली येते. कारण जागा कमी होतेच, शिवाय उरलेल्या उथळ पाण्याला तळाशी आणि भिंतींशी होणारे घर्षण तुलनेने जास्त पडते. वेग मंदावला की वाहत आलेली रेती जागच्या जागी बसते. गाळ असा स्वतःच नव्या गाळाला आमंत्रण देतो.

ही अडचण या भूमीला नवी नाही. कोकणच्या खारेपाटात शेकडो वर्षे बांध घालून समुद्राचे पाणी अडवले गेले आणि बांधातल्या उघाड्यांमधून पावसाचे पाणी बाहेर सोडले गेले. उघाडीचे दार असे बसवलेले असते की भरतीच्या दाबाने ते मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. तिला ना वीज लागते ना इंजिन. पण दारात एक ओंडका अडकला किंवा बांधाला खेकड्यांनी भोके पाडली तर एका उधाणात खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही पिके जातात. म्हणून बांधबंदिस्ती हे गावाचे सामाईक काम होते. अलिबाग-पेणकडे गावकरी एकत्र येऊन बांधावर चिखल घालत. गोव्यातल्या खाजणांत बांध आणि मानस, म्हणजे तिथल्या उघाड्या, यांची देखरेख गावकऱ्यांच्या संस्थेकडे असे. देखभाल चुकली की कुणाचे शेत बुडणार हे प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे ती चुकत नसे. महाराष्ट्राने १९७९ मध्ये खारभूमी विकासाचा कायदा केला, तोही बांध बांधण्याइतकाच राखण्यासाठी. शहर झाल्यावर आपण बांध आणि उघाड्या काढून बंदिस्त गटारे आणली, मात्र राखणारा माणूस त्या जागी आणायचे राहून गेले.

गाळणीच्या बाबतीत हे सर्वांत उघड दिसते. रस्त्याकडेच्या गटाराची लोखंडी जाळी ही पहिली गाळणी. तिच्याखाली चेंबर असते आणि त्याचा तळ पुढे जाणाऱ्या पाइपपेक्षा एखाद-दीड फूट खोल ठेवायचा असतो, म्हणजे रेती तिथेच बसावी आणि नाल्यात फक्त पाणी जावे. असे चेंबर उघडून पाहावे. वर थर्माकोलचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे तरंगत असतात. त्याखाली बांधकामावरून वाहून आलेली सिमेंट-रेती दगडासारखी घट्ट झालेली असते आणि पाइपचे तोंड तिच्यात अर्धे गाडलेले असते. खोलगट तळ भरला की चेंबरचा उपयोग संपला. त्या दिवसापासून रेती थेट नाल्यात जाते. नाल्याच्या तोंडावर कचरा अडवायला लावलेल्या जाळीचेही तसेच. ती रोज उपसली तर खाडीतले प्लास्टिक कमी होते. आठवडाभर तशीच राहिली तर तिच्यावर कचऱ्याची भिंत तयार होते आणि पाणी मागे वस्तीत चढते. राखली न गेलेली गाळणी नसलेल्या गाळणीपेक्षा घातक असते. जाळी बसवण्याच्या निविदेत ती साफ करणाऱ्या माणसांचा पाच वर्षांचा पगार धरलेला नसेल तर ती जाळी बसवूच नये, असे मी म्हणेन.

सोसायट्यांच्या आवारातही हेच चालते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे आणि ते नीट न राखल्यास आकार लावण्याचीही तरतूद आहे. प्रत्यक्षात भोगवटा प्रमाणपत्र हाती पडले की दगड, खडी आणि वाळूचा तो खड्डा विसरला जातो. वाळूच्या वरच्या थरावर गच्चीवरची धूळ आणि शेवाळ यांचा पापुद्रा बसतो. दरवर्षी दोन-तीन इंच वाळू खरवडून नवी घातली नाही तर पाणी मुरत नाही, वरूनच गटारात जाते. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. खाजणावरच्या भरावात शोषखड्डा फारसा उपयोगी नाही, कारण भूजल वरच असते आणि खारट असते. तिथे टाकीत साठवून तेच पाणी वापरणे शहाणपणाचे. काशिमिऱ्याकडे डोंगराच्या पायथ्याशी मात्र जमिनीत मुरवणे साधते. सगळ्या शहराला एकच नकाशा लावून चालणार नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा असतो. आभाळ फाटले आणि वर उधाण आले तर कोण काय करणार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेवढे पाणी कोणतेही गटार वाहून नेणार नाही, हे खरेच. मुंबईत त्यानंतर राबवलेला पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा ब्रिमस्टोवॅड आराखडाही तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरून आखलेला आहे. पण त्या दिवसाच्या दाखल्याने दर पावसाळ्यातल्या साध्या मुसळधार दिवसांची माफी मिळत नाही. शिवाय भरतीच्या वेळा वर्षभर आधी छापून येतात. उधाण कधी येणार हे ज्या शहराला आधीच ठाऊक असते, त्याने त्या तारखांपूर्वी नाल्यांची तोंडे मोकळी ठेवणे ही किमान अपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप असा की मोठे नाले आणि पंप आणा, प्रश्न सुटेल. मुंबईने हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी उदंचन केंद्रे उभारली आणि त्यांचा फायदाही झाला. परंतु पंपापर्यंत पाणी पोहोचायला नाला मोकळा लागतो आणि पंपाच्या तोंडच्या जाळीतही तोच कचरा अडकतो. यंत्र वाढले की देखभाल वाढते, कमी होत नाही. लोक कचरा टाकतात हा तिसरा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. प्लास्टिक लोकांचे असते, पण तळाला बसणारी रेती आणि राडारोडा मुख्यतः बांधकामांतून आणि खोदलेल्या रस्त्यांतून येतो. राडारोड्यासाठी २०१६ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि ते नागरिकाच्या केराच्या डब्यावर नव्हे, बांधणाऱ्यावर लागू करायचे आहेत.

कांदळवनांमुळे नाल्यांची तोंडे साफ करता येत नाहीत, अशीही सबब ऐकू येते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांच्या नाशाला पूर्ण मनाई केली आणि सार्वजनिक हिताच्या कामांना न्यायालयाच्या परवानगीची अट घातली. हा निकाल शहराच्या भल्याचाच आहे. कांदळवन लाटांचा जोर मोडते आणि शहरातून आलेला गाळ आपल्या मुळांत धरते. पण म्हणूनच जिथे परवानगीची गरज आहे तिथे मे महिन्यात धावपळ करून चालत नाही. ऑक्टोबरात पाहणी, नोव्हेंबरात अर्ज, जानेवारी-फेब्रुवारीत काम, हा क्रम लागतो.

दिवाळीचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. पाणी कुठे तुंबले, भिंतींवर ते कुठवर चढले, कोणती मोरी उलटी वाहिली हे आत्ता डोळ्यांसमोर असते. मेपर्यंत त्या खुणा पुसल्या जातात, नाल्यात गवत माजते आणि कंत्राट मागच्या वर्षीच्या यादीवरच निघते. कामाचे पैसेही डंपरच्या फेऱ्यांवर देऊ नयेत. फेऱ्या कागदावर वाढवता येतात. मिठी नदीच्या गाळाच्या बिलांवरून २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला, ते प्रकरण ताजे आहे. नाल्याच्या तळाची पातळी कामाआधी आणि कामानंतर मोजावी, ठरलेल्या ठिकाणी खुणेचे दगड बसवावेत आणि मोजमाप सर्वांना पाहता यावे. त्याचबरोबर सफाई करणाऱ्यांचा जीवही जपायला हवा. झाकलेल्या गटारात सांडपाणी मिसळले की विषारी वायू साचतो. तिथे सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या हाताने मैला सफाईविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि अशा मृत्यूला तीस लाखांची भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. भरपाईची वेळ येऊ नये इतकी यंत्रे आणि इतके प्रशिक्षण कंत्राटातच असले पाहिजे.

वाचकांना विनंती आहे. फराळाच्या या दिवसांत आपल्या सोसायटीच्या गटाराचे पाणी कोणत्या नाल्यात जाते आणि तो नाला खाडीला कुठे मिळतो, हे शोधून काढा. आवारातले चेंबर उघडायला लावा आणि वाळूचा थर बदलण्याचा खर्च पुढच्या सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. महापालिकेकडे लेखी अर्ज करून आपल्या प्रभागातल्या नाल्याच्या तळाची मोजमापे डिसेंबरच्या आत मागा.