अवघड जागेची साधी गाठ

शरीरात गाठ निघाली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: कर्करोगाची तर नाही ना? 'नाही' असे उत्तर मिळाले की घरदार सुटकेचा निःश्वास टाकते. हृदयाच्या झडपेवरील गाठीच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही.

झडपेवर गाठ मुळातच दुर्मिळ. आढळते ती बहुधा 'पॅपिलरी फायब्रोइलॅस्टोमा' या जातीची; बारीक देठाची, बहुतेक वेळा दीड सेंटिमीटरहून लहान. पाण्यात धरली की तिचे नाजूक तंतू समुद्रफुलासारखे फुलतात. ती कर्करोगासारखी इतर अवयवांत पसरत नाही. पण तिची जागा पाहा! पुष्कळदा ती महारोहिणीच्या तोंडाशी असलेल्या झडपेवर बसते, आणि देहभर जाणारे सारे रक्त तेथूनच जाते. दिवसाकाठी सुमारे लाख वेळा उघडमीट करणाऱ्या झडपेवर ती हेलकावे खात असते. तिचा तुकडा किंवा तिच्यावर साकळलेल्या रक्ताचा कण सुटून मेंदूत अडकला तर पक्षाघात; हृदयाच्याच रोहिणीत अडकला तर हृदयविकाराचा झटका.

तोवर रोग्याला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. म्हणून पूर्वी ही गाठ बहुधा शवविच्छेदनात दिसे. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हर्ट्‌झ यांनी हृदयावरून परतणारे सूक्ष्म प्रतिध्वनी टिपले. आजची 'एको' तपासणी त्यातूनच वाढली. अन्ननलिका हृदयाच्या पाठीशी असल्याने तिच्यातून नळी घालून केलेल्या एकोत झडप अधिक स्पष्ट दिसते. तरी दिसते ती गाठ, जंतुसंसर्गाची वाढ की साकळलेले रक्त, हे रक्ततपासणी व इतर लक्षणांवरून ताडावे लागते. अखेरचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच.

१९५३ मध्येच फिलाडेल्फियात गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. आज त्याच मार्गाने हृदय थांबवून गाठ देठासकट काढतात. बहुधा झडप शाबूत राहते. गाठ पुन्हा क्वचितच उगवते.

मग काहीच त्रास नसताना छाती उघडून घ्यावी काय? गाठ डावीकडे असेल, हलत असेल आणि प्रकृती शस्त्रक्रिया सोसण्याजोगी असेल, तर ती काढण्याकडे शस्त्रवैद्यांचा कल असतो. पक्षाघात होऊन गेला असल्यास अधिकच. उजवीकडच्या लहान गाठीवर बहुधा नुसती नजर ठेवतात. म्हणून 'गाठ साधी आहे' एवढे ऐकून उठू नये. ती कोठे आहे आणि हलते काय, हेही डॉक्टरांना विचारावे.