विरळ हवेचा हिशेब

पेन्शनच्या दिवशी बँकेत कधी गेला आहात? माणूस तिथे चालत नाही, गर्दी त्याला चालवते. लोंढा कुठल्या काउंटरपाशी तुंबणार, हे आमचा शिपाईसुद्धा सांगायचा. दुपारी मात्र चारच गिऱ्हाइकं उरत, आणि मग एकेकाची चाल वेगळी पाहावी लागे.

हवेचंही तसंच आहे. घरातल्या हवेत दोन टकरींच्या मधे रेणूला मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकीही मोकळी वाट मिळत नाही. म्हणून वारा पाण्यासारखा वाहतो आणि पाण्याची गणितं त्याला चालतात. एकशेवीस किलोमीटर उंचीवर ही वाट काही मीटरांची होते, आणि ती गणितं कोलमडतात.

अशा वायूंसाठी बोल्ट्झमननं १८७२ मध्ये समीकरण मांडलं खरं, पण ते सोडवणं महाकर्मकठीण. सिडनीच्या ग्रॅम बर्ड यांनी १९६३ मध्ये वेगळीच वाट धरली. संगणकाला झेपतील तेवढे लुटुपुटीचे रेणू घ्यायचे. त्यातला एकेक असंख्य खऱ्या रेणूंचा मुखत्यार. जागेचे कप्पे पाडायचे. क्षणभर सगळ्यांना सरळ जाऊ द्यायचं, मग प्रत्येक कप्प्यात टकरी किती व्हाव्यात ते काढायचं, आणि कोणाची कोणाशी, हे चक्क चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. की पुढचा क्षण.

चिठ्ठ्या! पैशाच्या फरकासाठी रात्री अकरापर्यंत लेजरं उपसलेल्या माझ्यासारख्याला हे पचणं अवघड. त्यात चूक निम्मी करायची तर रेणू चौपट हवेत. सावकारसुद्धा इतका कठोर नसतो. हा हिशेब बोल्ट्झमनच्या समीकरणाशी जुळतो, याची गणिती सिद्धता बर्लिनच्या वोल्फगांग वाग्नर यांनी दिली ती १९९२ मध्ये. तोवर जवळजवळ तीस वर्षं सारा कारभार प्रयोगांशी घातलेल्या ताळ्यावर चालला होता.

२००१ मध्ये 'मार्स ओडिसी' यान मंगळापाशी पोहोचलं. कक्षा लहान करण्यासाठी इंधन जाळण्याऐवजी ते तिथल्या विरळ हवेत पुनःपुन्हा बुडी मारत राहिलं. बुडी उथळ पडली तर वेग उतरत नाही, खोल गेली तर सौरपंख तापून निकामी. बँकेतली चुकलेली नोंद दुसऱ्या दिवशी उलटी नोंद घालून निस्तरता येते. इथे ती सोय नव्हती. यानावर किती उष्णता येईल, याचा अंदाज बांधताना नासाच्या लँग्ली केंद्रातल्या मंडळींनी याच चिठ्ठ्यांच्या पद्धतीचा आधार घेतला होता. जानेवारी २००२ मध्ये शेवटची बुडी झाली, आणि पंख शाबूत होते.