आडवी धावणारी फिल्म

लग्नाचे फोटो रोलवर निघत, तेव्हाचा कॅमेरा आठवा. मागचं झाकण उघडायचं, फिल्मची जीभ ओढून पलीकडच्या चाकात अडकवायची, भोकं दात्यांवर नीट बसली की झाकण बंद. त्या कॅमेऱ्यात फिल्म आडवी सरकते. एका फोटोला आठ भोकांइतकी लांबी लागते आणि चित्र उमटतं ३६ मिलिमीटर रुंद, २४ मिलिमीटर उंच. सिनेमाचा कॅमेरा हीच ३५ मिलिमीटरची फिल्म वापरतो, पण उभी, वरून खाली. मग चित्राची रुंदी दोन कडांच्या भोकांमध्ये कोंडली जाते आणि एका चित्राच्या वाट्याला चारच भोकं येतात. फिल्म तीच, चित्र मात्र निम्म्याहूनही लहान.

१९५४ साली हॉलीवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओने सिनेमाची फिल्म आडवी केली आणि तिला नाव दिलं व्हिस्टाव्हिजन. सेकंदाला २४ चित्रं या हिशेबाने ३६ फोटोंचा अख्खा रोल या कॅमेऱ्यात दीड सेकंदात संपला असता.

हा खटाटोप का, हे लॉयल ग्रिग्ज या छायालेखकाच्या एका चित्रपटावरून चांगलं कळतं. त्यांनी टिपलेला ‘शेन’ जुन्या, चौकोनाकडे झुकणाऱ्या पडद्यासाठी रचलेला होता. पण तो लागेपर्यंत, १९५३ साली, वारं फिरलं होतं. टीव्ही घराघरांत शिरला होता. लोकांना पुन्हा थिएटरात आणायला सिनेरामा तीन प्रोजेक्टर लावून अवाढव्य कमानदार पडदा भरत होता, फॉक्सचा सिनेमास्कोप येऊ घातला होता. मग पॅरामाउंटने ‘शेन’ वरून-खालून छाटून रुंद पडद्यावर दाखवला. ग्रिग्ज यांना त्याच चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं, तरी त्यांनी आखलेल्या चौकटीचा तुकडा अनेक प्रेक्षकांच्या नजरेला पडलाच नाही. शिवाय छाटून उरलेलं चित्र जास्त ताणावं लागतं, आणि ताणलं की फिल्मवरचे दाणे पडद्यावर दिसू लागतात.

सिनेमास्कोपमध्ये कॅमेऱ्याचं भिंग दृश्य दोन्ही बाजूंनी दाबून घेई आणि प्रोजेक्टरचं भिंग ते पुन्हा फाकवी. आपल्याकडे रुंद पडदा आला तो याच वाटेने, गुरुदत्त यांच्या १९५९ च्या ‘कागज़ के फूल’मधून. सुरुवातीच्या भिंगांत मात्र जवळून घेतलेले चेहरे सुजल्यासारखे दिसत. हॉलीवूडच्या लोकांनी या दोषाला गालगुंड असंच नाव ठेवलं होतं.

पॅरामाउंटचे लॉरेन रायडर आणि कॅमेरा विभागाचे जॉन बिशप यांनी भिंगाला हात लावला नाही. त्यांनी निगेटिव्ह मोठी केली. सुरुवातीचे कॅमेरे म्हणजे १९२० च्या दशकातल्या दुरंगी छायाचित्रणाची जुनी यंत्रं. ती एका वेळी दोन चित्रांची, म्हणजे आठ भोकांची फिल्म ओढत. ती आडवी पाडून नव्या कामाला जुंपली. त्यावरून टोपणनाव पडलं ‘लेझी एट’, लोळत पडलेला आठ.

गंमत अशी, की थिएटरांत ही आडवी फिल्म जवळपास पोचतच नसे. प्रयोगशाळेत मोठ्या निगेटिव्हवरून चित्र लहान करून नेहमीच्या उभ्या प्रिंटवर उतरवायचं. चित्राबरोबर दाणेही लहान होत. बासुंदीसारखंच हे, आटवायचं तर आधी दूध भरपूर हवं. थिएटरवाल्याला नवा प्रोजेक्टर घ्यावा लागत नसे. रिळाच्या सुरुवातीला चित्राच्या वरच्या कोपऱ्यात एक खाचांची खूण येई. ऑपरेटरने आपल्या पडद्याच्या आकाराप्रमाणे योग्य खाच पडद्याच्या वरच्या कडेला जुळवायची, की काम झालं. मला या पद्धतीतलं सर्वांत मोठं शहाणपण इथे दिसतं. प्रेक्षकाला न दिसणाऱ्या जागी, अगदी मुळाशी, खर्च केला होता.

ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये पहिला व्हिस्टाव्हिजन चित्रपट झळकला, ‘व्हाइट ख्रिसमस’. छायालेखक लॉयल ग्रिग्जच. चौकट छाटली गेलेल्या माणसाच्या हाती नवी मोठी चौकट आली, याचा मला फार आनंद होतो.

पुढची सात वर्षं सोन्याची. ‘टू कॅच अ थीफ’साठी रॉबर्ट बर्क्स यांना रंगीत छायालेखनाचं ऑस्कर मिळालं, तर ‘द रोझ टॅटू’साठी जेम्स वाँग हाऊ यांना कृष्णधवलचं. हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ याच निगेटिव्हवर आहे. पण मला विचाराल तर या यंत्राचं खरं सामर्थ्य जॉन फोर्डच्या १९५६ च्या ‘द सर्चर्स’मध्ये आहे. सुरुवातीलाच अंधाऱ्या घराचं दार उघडतं, काळ्या चौकटीत बाईची आकृती उभी राहते आणि तिच्यापलीकडे मॉन्युमेंट व्हॅलीचे तांबडे सुळके. दूरवरून येणारा घोडेस्वार पडद्यावर ठिपक्याएवढा असतो, आणि त्या ठिपक्याचीच वाट पाहायची असते. फिल्मच्या दाण्यांत तो ठिपका विरघळला असता तर प्रसंग उभाच राहिला नसता.

पण फिल्म दुप्पट खपे. मिनिटाला १८० फूट. हजार फुटांचं रीळ साडेपाच मिनिटांत रिकामं. कॅमेरा जड आणि आवाजही मोठा. तेवढ्यात बारीक दाण्यांची नवी कच्ची फिल्म आली आणि मोठ्या निगेटिव्हचा फायदा खर्चाच्या मानाने कमी वाटू लागला. मार्लन ब्रँडोने दिग्दर्शित केलेल्या १९६१ च्या ‘वन-आइड जॅक्स’नंतर अमेरिकेत अख्खा चित्रपट या पद्धतीने काढणं थांबलं.

अडगळीतले कॅमेरे स्वस्तात मिळत होते. ‘स्टार वॉर्स’ची यानं आणि स्फोट रचणाऱ्या जॉन डायक्स्ट्रा आणि रिचर्ड एडलंड यांच्या चमूने तेच उचलले. तेव्हा यान, तारे, स्फोट हे वेगवेगळं टिपून एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा उतरवावं लागे, आणि दर नकलेत चित्र थोडं मळे. सुरुवातच मोठ्या निगेटिव्हने केली, की मळूनही ते बाकीच्या चित्रपटाशी जुळे.

२०२४ च्या ‘द ब्रूटलिस्ट’मध्ये ब्रॅडी कॉर्बे आणि छायालेखक लॉल क्रॉली यांनी, नायक ज्या काळात इमारती उभारतो त्याच काळातली ही पद्धत वापरली. छायालेखनाचं ऑस्कर त्यालाच मिळालं. २०२५ मध्ये पॉल थॉमस अँडरसनचा ‘वन बॅटल आफ्टर अनदर’ आला, आणि लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, बॉस्टनजवळ आणि लंडन अशा मोजक्या थिएटरांत तो आडव्या प्रिंटवरच दाखवला गेला. टेकड्यांवरून चढत-उतरत जाणाऱ्या रस्त्यावरचा शेवटचा पाठलाग तिथल्या प्रेक्षकांनी कुठेही न आटवलेल्या चित्रातून पाहिला, प्रोजेक्टरमधून आठ-आठ भोकांनी सरकणाऱ्या फिल्मवर.