काँक्रीट समजून घेताना : फुगणारा माल, अडवणारे लोखंड

गळीत हंगाम संपला की सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर अशा ठिकाणच्या साखर कारखान्यांत दुरुस्तीचे दिवस येतात. एखाद्या जड यंत्राची बेडप्लेट पायावर नव्याने बसवायची झाली, तर ती पाचरींवर लेव्हलला धरतात आणि खालची दोन-तीन बोटांची फट ग्राउटने भरतात. तिथे साधा सिमेंटचा माल चालत नाही. वाळताना तो आकसतो, प्लेट अधांतरी राहते आणि हादऱ्यांनी फाउंडेशन बोल्ट ढिले होतात. म्हणून ‘नॉन-श्रिंक’ ग्राउट लागतो. मागच्या भागात आकसणे पाहिले, आज फुगणे.

अशा बऱ्याच मालांत फुगवण्याचे काम एट्रिंगाइट करते. अ‍ॅल्युमिनेट, जिप्सम आणि चुना पाण्यात एकत्र आले की त्याचे सुईसारखे स्फटिक वाढतात. त्याच्या सूत्रात पाण्याचे तब्बल ३२ रेणू असतात. अमेरिकेत बर्कलीच्या अलेक्झांडर क्लाइन यांच्या संशोधनातून पुढे आलेले ‘टाइप के’ सिमेंट याच तत्त्वावर चालते.

नुसते फुगणे मात्र कामाचे नाही. मोकळा फुगलेला माल भुसभुशीत होतो. त्याला अडवणारे कोणीतरी हवे. बैलगाडीच्या चाकावर तापवून चढवलेली धाव थंड होताना आकसते आणि चाक आवळते. इथे उलट घडते: काँक्रीट फुगते, आतली सळई ताणली जाते आणि सळई काँक्रीटला आवळते.

किती आवळते? समजा, १ टक्का सळई असलेला काँक्रीटचा पट्टा १० मीटरमागे ३ मिलिमीटर लांबला. हा ०.०००३ स्ट्रेन. सळईत स्ट्रेस येतो चौरस मिलिमीटरला ६० न्यूटन आणि काँक्रीटवर दाब येतो ०.६. आता सळई दुप्पट करा. अडवणाऱ्यावर केलेले काम जवळपास तेवढेच राहते, हे जपानचे त्सुजी यांचे गृहीतक. त्यानुसार स्ट्रेन ०.०००२१ पर्यंत उतरतो, पण दाब ०.८५ वर चढतो. म्हणजे कमी हललेले काँक्रीट जास्त आवळलेले असू शकते. नुसती लांबी मोजून निकाल देता येत नाही.

खरी अडचण कोवळ्या वयाची. पहिल्या काही तासांत माल मऊ असतो, तेव्हाचे फुगणे वाया जाते. पुढे तो कडक होत जातो, पण दाबाखाली हळूहळू सरकतोही. यालाच क्रीप म्हणतात. आयएस ४५६ मध्ये सातव्या दिवशी भार आला तर क्रीपचा गुणांक २.२ धरला आहे, अठ्ठाविसाव्या दिवशी १.६. म्हणून गणितात पहिला आठवडा छोट्या टप्प्यांत तोडतात. दर टप्प्याला नवे फुगणे, त्या वयाचा कडकपणा आणि आधीच्या दाबाचा क्रीप धरून बेरीज करतात. शेवटच्या दिवसाचा कडकपणा घेऊन एकदम गुणाकार केला, तर दाब फुगलेला दिसतो.

साइटवरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे: उन्हाळ्यात पहिले सात दिवस गोणपाट सुकू देऊ नका. पाणी तुटले तर स्फटिक वाढत नाहीत आणि महागडा माल साध्या मालासारखाच आकसतो.

पुढील भागात : थोडीशी साखर मिसळली तरी सिमेंटचे सेटिंग का लांबते?