रामेनचा रस्सा आणि सासूबाईंचं बीपी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही धरणगावहून पुण्याला गेलो. मुलीच्या हट्टापायी एका जपानी हॉटेलात रामेन मागवलं. मोठ्या वाडग्यात गव्हाच्या शेवया, भाज्या, अंडं आणि काठोकाठ गरम रस्सा. शेवया संपताच सासूबाईंनी वाडगा तोंडाला लावला. मी म्हटलं, "आई, रस्सा राहू द्या."

"अन्न टाकायचं? ७२ च्या दुष्काळात मिलोची भाकर खाल्लीय आम्ही!"

त्यांचं खरंच होतं. पण त्यांना बीपीची गोळी रोज लागते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान सपाट चमचाभराहून कमी. रामेनच्या एका वाडग्यात बहुधा तेवढं असतंच, त्यातलं बरंचसं रश्श्यात.

जपानच्या नागानो प्रांतात पूर्वी पक्षाघाताने पुष्कळ माणसं दगावत. तिथल्या स्वयंसेविकांनी लोकांना मीठ कमी करायला शिकवलं. आज तो प्रांत दीर्घायुष्यासाठी ओळखला जातो.

आपल्या शेवभाजीचा, पापड-लोणच्याचा हिशेबही तोच. भगिनींनो, अन्न टाकू नका, आधीच कमी वाढून घ्या. बीपी मोजून घ्या, गोळी मनाने बंद करू नका.

सासूबाईंनी वाडगा खाली ठेवला. म्हणाल्या, "पुढच्या वेळी दोघींत एकच मागव."